डबलची हवा

पंपावर हवा भरायला गाडी उभी केली की हवावाला आपल्या तोंडाकडे बघत नाही. तो चाकाकडे वाकतो आणि विचारतो, "सिंगल का डबल?" मागच्या सीटवर कुणी बसणार असेल तर मागच्या चाकात हवा थोडी जास्त लागते, म्हणून तो प्रश्न. आपण एक शब्द सांगायचा आणि नळी निघेपर्यंत थांबायचं.

माझी मैत्रीण सोबत राहत होती तोवर हे उत्तर ती द्यायची. मी हेल्मेट काढायच्या आत ती मागून ओरडायची, "डबल, डबल! दिसत नाही का, चांगली खात्यापित्या घरची आहे मी!" हवावाला हसायचा. मीही हसायचे, हेल्मेटच्या आत. आम्ही दोघी धायरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो आणि हिंजवडीला एकाच कंपनीत कामाला होतो. कंपनीची बस धायरीच्या आत येत नसे. तिच्यासाठी सकाळी हायवेवर ताटकळावं लागे. त्यापेक्षा मोटारसायकल बरी होती. नवले पुलापासून वाकडपर्यंत ती मागे बसून बोलत राहायची. वाऱ्यामुळे मला निम्मंच ऐकू येई. उरलेल्यावर मी अंदाजाने "हो ना" म्हणत असे. तिने बोलायचं आणि मी ऐकायचं, ही वाटणी दोघींनाही पसंत होती. शाळेतही मी विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे. विचारलं की उत्तर इंग्रजीतून द्यावं लागे, त्यामुळे ते मनात दोनदा तपासून घ्यायची सवय लागली आणि तोवर बाई पुढच्या बाकाकडे गेलेल्या असत.

दिवाळीनंतर मैत्रिणीला बंगळूरला नोकरी लागली. "तू पण चल," ती म्हणाली. मी बघू म्हटलं. ती गेली. तिचा पलंग तिच्याच मालकीचा होता, तो तिने कुणाला तरी विकला. दोन माणसं आली आणि जिन्यातून आडवा करून घेऊन गेली.

घरी मी हे सांगितलं नाही. आमचं घर लोणी काळभोरला, शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला. तिथून रोज हिंजवडी गाठणं अशक्य होतं, म्हणून वडिलांनी धायरीला राहायची परवानगी दिली. पण एका अटीवर. एकटीनं राहायचं नाही. दोघी असाल तर राहा, नाहीतर नोकरी सोडून घरी ये, इथं जवळ काय मिळेल ते बघू. पप्पा फार बोलत नाहीत. त्यामुळे जे बोलतात ते बदलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून फोनवर आईने "ती कशी आहे?" विचारलं की मी "बरी आहे" म्हणे. बंगळूरहून येणारे तिचे मेसेज पाहता ते खरंही होतं.

नवी मुलगी शोधायचा प्रयत्न मी केला. दोघी येऊन बघून गेल्या. एकीने विचारलं, "तू नेहमीच इतकी शांत असतेस का?" ती परत आली नाही. दुसरीला मीच कळवलं की जागा भरली. नंतर मी शोधणं थांबवलं आणि सगळं भाडं एकटी भरू लागले.

आईचे नियम मात्र मी पाळत होते. मुलगी एकटी आहे हे परक्या माणसाला कधी कळू द्यायचं नाही, हा त्यातला पहिला. दाराबाहेर पप्पांच्या जुन्या चपला ठेवलेल्या होत्या. बाहेरून जेवण मागवलं तर दोघांचं मागवायचं. मैत्रीण गेल्यानंतर पहिल्यांदा पंपावर गेले आणि हवावाल्याने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून "डबल" निघालं ते त्याच नियमाने. तो काही माझ्या घराचा पत्ता विचारत नव्हता. पण "सिंगल" हा शब्द मोठ्याने, रांगेतल्या माणसांसमोर, मला म्हणवेना. त्यानंतर दर आठवड्याला मी डबलचीच हवा भरत राहिले. मागे कुणी नसताना गाडी खड्ड्यांवरून टणटण उडायची. मला वाटायचं, रस्ताच खराब झालाय.

मेच्या अखेरीस वारज्याच्या सर्व्हिस रोडवर वाळू सांडली होती. मी जरा जोरात ब्रेक दाबला आणि मागचं चाक बाजूला सरकलं. पडले नाही, पण पाय टेकवून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. ऑफिसच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी लावणारा एक जण खाली वाकून म्हणाला, "अगं, हा टायर टकला झालाय पार. पुढचा पण चिरलाय. बदल ना यार." त्याच्याशी झालेलं माझं ते पहिलं आणि शेवटचं बोलणं. हायवेवर जरा वेग घेतला की हँडलही थरथरत होतं, ते मी त्याला सांगितलं नाही.

टायर मी इंटरनेटवरून मागवले. तिथे स्वस्त होते हे खरं. पण खरं कारण दुकानात उभं राहून बोलावं लागणार नाही हे होतं. दोन्ही टायर प्लॅस्टिकच्या पट्टीत गुंडाळून दारात आले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की टायर विकत घेता येतो घरबसल्या, पण बसवायला शेवटी माणसासमोर जावंच लागतं.

पहिल्या दुकानातल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. "टायर आमच्याकडून घेतलात का?"

"नाही. ऑनलाइन."

"मग त्या ऑनलाइनला सांगा बसवायला."

दुसरीकडे सांगितलं, बाहेरचा टायर असेल तर एका चाकाचे अडीचशे. त्यांच्याकडून घेतला असता तर बसवणी फुकट होती. तिसरं दुकान वडगावजवळ होतं. तिथे बसवणी दोनशे रुपये चाकाला, बॅलन्सिंगचे, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायचे, दीडशे वेगळे आणि रिमला चिकटवायची वजनं लागतील तशी त्यावर. दोन चाकांचा हिशेब केला तर टायर स्वस्तात घेऊन जे वाचलं होतं ते जवळजवळ सगळं परत जात होतं. हे योग्य आहे की मुलगी बघून सांगितलंय, ते मला कळेना. विचारायला एकच माणूस होता.

पप्पांशी माझं बोलणं गाडीवरूनच होई. मोटारसायकल त्यांचीच. उसाच्या कडेच्या वाटेवर त्यांनी मला शिकवली होती, मागे बसून नाही, बांधावर उभं राहून. फोन केला की ते "गाडी बरी हाय का?" विचारत आणि मी बरी आहे म्हणे. त्यात आम्हा दोघांचं सगळं येई. त्या दिवशी मी बसवणीचा भाव विचारला.

"बॅलन्शिंग?" पप्पा म्हणाले. "मोटारसायकलला कसलं बॅलन्शिंग? त्ये मोटारीला असतंय. फसवत्यात तुला."

"हँडल हलतंय पण."

मग म्हणाले, "असं कर, रविवारी मीच येतो. मी असल्यावर बोलत न्हाईत कुणी."

नको म्हणायला मला जमलं नाही. घाईघाईने एवढंच सांगितलं, की घरी येऊ नका, थेट दुकानावर या, तिथूनच परतीची बस मिळते, मैत्रिणीला बरं नाहीये. ते बरं म्हणाले. ते फ्लॅटवर आले तर दुसरी खोली बघणार होते. फरशीवर पलंगाच्या चार पायांचे डाग तेवढे उरले होते. त्यानंतर सोमवारी मला बॅग भरावी लागली असती.

रविवारी मी मागच्या सीटवर दोन्ही टायर दोरीने बांधले आणि निघाले. पप्पा स्वारगेटला बस बदलून माझ्या आधीच पोचले होते. पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल. दुकानदार पन्नाशीचा, हाफ शर्ट, खिशाला टायरमधली हवा मोजायचा गेज. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तो एकटाच सगळं करत होता.

"बसवायचे किती म्हणलात?" पप्पांनी सुरुवात केली.

"चाकाला दोनशे. बॅलन्सिंग दीडशे."

"बॅलन्शिंग आमाला नको. माझ्या ट्रॅक्टरला कधी केलं न्हाई."

"अहो काका, ट्रॅक्टर हायवेनं ऐंशीनं पळवता का आपण? नसेल करायचं तर करू नका. आमचा काही आग्रह नाही."

"मग दोनशे कशाचं? अर्ध्या तासाचं काम!"

"आपण घरी करा, फुकट होईल."

पप्पांना हा सूर ओळखीचा नव्हता. गावात भाव करताना दोन्हीकडून आवाज चढतो आणि मग चहा येतो. इथे आवाजही चढत नव्हता आणि चहाही येत नव्हता. मी म्हटलं, "करा तुम्ही, बॅलन्सिंगपण करा." पप्पांनी माझ्याकडे बघितलं, पण परक्यासमोर मला अडवलं नाही.

दुकानदाराने मागचं चाक काढलं, हवा सोडली, मशीनवर चढवून टायर रिमवरून ओढून काढला आणि आमच्या पायाशी टाकला. उन्हात तो नीट दिसत होता. दोन्ही कडांची नक्षी जवळजवळ नव्यासारखी शाबूत होती. मधोमध मात्र तीन बोटं रुंदीचा गुळगुळीत पट्टा, फळ्यासारखा.

पप्पा खाली बसले. पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "एवढा कसा गं झिजला? तुझी मैत्रीण लई जाड हाय का?"

मी हसल्यासारखं केलं.

"उलट आहे, काका," दुकानदार नव्या टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावत म्हणाला. "मागं वजन असतं तर टायर चपटा बसून सगळीकडून झिजला असता. हा फुगून मधल्यामधेच झिजलाय. हवा डबलची आणि माणूस सिंगल. मॅडम, कुणाला बसवायच्या बेतात होतात इतके दिवस?"

तो त्याच्या परीने विनोद होता. मान वर न करता केलेला. केला आणि तो कामाला लागला.

पप्पा उकिडवे बसलेले होते तसेच राहिले. त्यांचा अंगठा टायरवर थांबला होता. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आमच्याकडे जमीन मोजायला मोजणीदार येतो तेव्हा बांधावर उभं राहून ते जसे बघतात तसं, नीट, कडेपर्यंत. मी गाडीच्या आरशाकडे पाहत होते. त्यांनी काही विचारलं असतं तर मला खोटं तरी सांगता आलं असतं. ते उठले, गुडघे झटकले आणि दुकानदाराला म्हणाले, "वजनाचं पैसं येगळं घेणार तुमी?"

"हो."

"ग्रॅमवर इकता का काय? सोनं हाय का त्यात?"

"शिसं आहे. सोन्याचं लावायचं असेल तर लक्ष्मी रोडला जा."

यावर पप्पा हसले. मला ते हसणं सहन होईना.

चाक स्टँडवर मोकळं टांगलं होतं. दुकानदाराने बोटाने हलकेच फिरवलं. ते फिरलं, मंदावलं, थोडं मागे आलं आणि थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तीच जागा खाली. त्याने वरच्या बाजूला खडूची रेघ मारली आणि रिम पुसून तिथे वजनाचे दोन चपटे तुकडे चिकटवले. मग चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबू लागलं. पप्पा जवळ जाऊन बघत होते. एकदा त्यांनी स्वतःच्या बोटानेही चाक फिरवलं. "हां," एवढंच म्हणाले.

दोन्ही चाकं बसली. दुकानदाराने हवेची नळी हातात घेतली. "सिंगल ना?"

मी सांगितलं, "सिंगल."

"डबल भरा," पप्पा म्हणाले. "मी बसणार हाय."

पैसे त्यांनी दिले. भाव केला नाही. मी पर्स उघडली तर म्हणाले, "असू दे." बसस्टॉप दुकानासमोरच होता. तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते माझ्या मागे बसले. माझ्या मागे ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी सीटच्या मागची दांडी धरली.

"घरी चल," ते म्हणाले. "चहा करशील ना?"

नव्या टायरवर सुरुवातीला हळू चालवायचं असतं. मी हळूच चालवत होते. मागे वजन होतं आणि गाडी खड्ड्यातून शांत जात होती.

फ्लॅटमध्ये मी गॅस पेटवला. ते दुसऱ्या खोलीच्या दारात उभे राहिले, आत गेले नाहीत. मग बाल्कनीचं दार ओढून बघितलं. पुढच्या दाराची कडी वरखाली केली. गॅसची नळी वाकवून तपासली. चहा घेऊन खुर्चीत बसले. खुर्ची एकच होती, मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"कधीपासनं?"

"दिवाळीनंतर."

"म्हंजी संक्रांतीला आलीस तवा एकटीच होतीस."

"हो."

"भ्या वाटत न्हाई?"

"नाही." मग मला वाटलं, आता खरंच सांगावं. "पहिले काही दिवस वाटली भीती. आता नाही वाटत. बोलायला कुणी नसतं, एवढंच."

पप्पांनी चहा बशीत ओतला. "तुला कवा लागतंय बोलायला?"

हे त्यांनी सहज म्हटलं. घरात माझ्याबद्दल हीच समजूत होती आणि ती मीच करून दिली होती. मी गाळणं धुवायला घेतलं, त्यामुळे ती पक्कीही झाली.

"तुम्हाला सांगितलं असतं तर मला घरी नेलं असतंत," मी म्हटलं.

"व्हय. नेलं असतं."

"मग आता?"

त्यांनी दाराच्या कडीकडे पाहिलं. "आता राहिलीस की इतकं दिवस. जे झालं त्याला नको कसं म्हणायचं?" बशी खाली ठेवली. "कडी बदलून घे. वरून एक बसव, जाड. आईला मी सांगतो. तू सांगू नको, तुला धड सांगता येत न्हाई."

मी त्यांना बसस्टॉपवर सोडलं. बस येईपर्यंत ते गाडीचं पुढचं चाक बघत होते. चढताना म्हणाले, "हँडल हलतंय का आता?"

"नाही."

"मग बरं झालं केलं त्ये," म्हणाले आणि आत गेले.

मी राहिले. मला हवं होतं ते मिळालं होतं. घरी परत जावं लागणार नव्हतं, खोटं बोलावं लागणार नव्हतं. सोमवारी ऑफिसातून आल्यावर दार उघडलं आणि घर नेहमीपेक्षा रिकामं वाटलं. आत्तापर्यंत त्या घरात मैत्रिणीबद्दलचं एक खोटं माझ्याबरोबर राहत होतं. तिला आज बरं नाही, तिने आज भाजी केली, तिची शिफ्ट बदलली, असं आईने विचारलंच तर सांगायला मी रोज मनात काहीतरी रचून ठेवत असे. आता तेही करायचं कारण उरलं नाही.

आईने पहिले चार दिवस फोन केला नाही. ती रागावली होती, असं नंतर कळलं. पाचव्या दिवशी साडेसातला फोन आला.

"आलीस?"

"आले."

"कडी लावली?"

"लावली."

"बरं."

मग रोज साडेसातला तोच फोन. ट्रॅफिकमध्ये अडकले तर चांदणी चौकात गाडी कडेला घेऊन मी आधीच कळवू लागले, म्हणजे तिचा जीव खालीवर व्हायला नको. कधी तिने आणखी काही विचारावं म्हणून मी आपणहून सांगून बघितलं, आज आमच्याकडे नवा मॅनेजर आला, आज खालच्या मजल्यावर पाणी तुंबलं. ती "हो का?" म्हणे. माझ्याकडून इतकं ऐकायची तिला सवय नव्हती. तिला वाटे, काहीतरी बिघडलंय. "बरी आहेस ना?" ती घाबरून विचारायची आणि मग मी पुन्हा एका शब्दावर यायचे.

श्रावणात एका संध्याकाळी साडेसात वाजून गेले. मी भात टाकला होता. आठ झाले, भात झाला, फोन वाजला नाही. काहीबाही मनात येऊन मीच फोन लावला. आईने बऱ्याच वेळाने उचलला. मागे बायकांचे आवाज होते, भांड्यांचे, हसण्याचे.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही. तुझा फोन आला नाही म्हणून."

"अगं, शेजारणी आल्यात सगळ्या. विसरलेच बघ आज." मग जरा थांबून, समाधानाने म्हणाली, "आता काय, तुझी काळजीच वाटत नाही मला. रुळलीस तू तिकडं. पप्पापण तेच म्हणतात."

"हो," मी म्हटलं.

"ठेवू मग?"

मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. ठेव, मी म्हटलं. तरी तिच्याकडून फोन नीट बंद झाला नव्हता, आणि त्या बायकांचं बोलणं अजून थोडं ऐकू येत होतं. मी फोन कानाला तसाच धरून ओट्यापाशी उभी राहिले, तो तिकडून कट होईपर्यंत.